पदकाची कड वाचा!

उल्हासनगरचा पत्ता आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगितला जातो. कॅम्प कसला, असं विचारलं तर बहुतेकजण ‘निर्वासितांचा’ म्हणतील. ते खरं, पण अर्धंच. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं ज्या बराकींत राहिली, त्या दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या होत्या. छावणीचं ‘उल्हासनगर’ झालं १९४९ मध्ये. नेवाळीची धावपट्टीही त्याच युद्धातली. तिच्या जमिनीवरून २०१७ मध्ये केवढं आंदोलन पेटलं, ते तुम्ही नाही तर घरच्यांनी तरी पाहिलंय. अंबरनाथला तर ऑर्डनन्स फॅक्टरीच आहे.

लष्कराच्या या मोठ्या खुणा सगळ्यांना दिसतात. छोट्या खुणा मात्र ट्रंकेत असतात. सातारा, रायगड, कोल्हापूरकडून येऊन बदलापुरात वनबीएचके घेतलेल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांची मेडल्स पडून आहेत. गावचं घर पाडायला काढलं की ती बाहेर येतात, आणि तिथून थेट भंगारात किंवा सराफाकडे जातात.

सराफाकडे गेलेलं मेडल वितळतं. पहिल्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ बहुतांश चांदीचं होतं, म्हणून चांदीचा भाव चढला की त्याचा घात व्हायचा. १९४७ नंतरची आपली बरीचशी पदकं तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. त्यांना मोडीत भाव नाही, म्हणून ती वाचली. पण भाव नाही म्हणूनच लहान मुलांच्या खेळण्यातही गेली. पॉकेटमनीत काहीतरी जमवायचं असेल तर स्वातंत्र्यानंतरच्या मेडल्सइतका जिवंत विषय मिळणं कठीण आहे, असं आमचं मत आहे.

‘इंडियन इंडिपेन्डन्स मेडल १९४७’ घ्या. एका बाजूला अशोकचक्र, आणि त्या चक्रावर चक्क ब्रिटिश राजमुकुट! दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह. फीत केशरी, पांढरी, हिरवी. चूक नाही झालेली. २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण स्वतंत्र होतो, पण कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच होता. पाठ्यपुस्तकात ‘डोमिनियन’ हा शब्द वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते या बिल्ल्याकडे बघून अर्ध्या मिनिटात शिरतं. पाकिस्ताननेही १९४७ चं आपलं पदक काढलं. पुढे नायजेरिया, सिएरा लिओन, जमैका, युगांडा अशा एकेका वसाहतीने स्वातंत्र्याचं मेडल काढलं.

मग आपली स्वतःची पदकं आली. परमवीर चक्र कोणी डिझाइन केलं? सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्विस, पूर्वाश्रमीच्या ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. इंद्राचं वज्र पदकावर घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर हाडं देऊन टाकणारे दधीची ऋषी होते. ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ही त्यांचंच. त्यावर तलवार आहे, आणि तिचं नाव भवानी. या मेडलच्या फितीवरची पट्टी बघायला विसरू नका. कुणाच्या पट्टीवर ‘जम्मू अँड काश्मीर’ असतं, कुणाच्या ‘नागा हिल्स’, तर एखाद्याच्या चक्क ‘ओव्हरसीज कोरिया १९५०-५३’!

आता मुख्य मुद्दा. अशा बऱ्याच पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बाजारात ‘कंडिशन’, ‘रेअर’ वगैरे शब्द फार चालतात, पण आमच्या मते मेडलची किंमत या कडेत आहे. कड वाचली की तो धातूचा तुकडा राहत नाही, माणूस होतो. म्हणून एकाच माणसाची चार मेडल्स सुटी करून चौघांना विकणं, हा या छंदातला सगळ्यात वाईट प्रकार. दुर्दैवाने तो सर्रास चालतो, कारण सुट्यांचे पैसे जास्त येतात. घेणाऱ्यांनीच ‘सेट फोडलेला नको’ म्हटलं तर तो थांबेल. एखाद्या आजींकडून घेत असाल तर खरा भाव आधी त्यांना सांगा, आणि आजोबा कुठल्या पलटणीत होते ते वहीत लिहून घ्या. ती माहिती बिलावर मिळत नाही.

कुणी म्हणेल, इंग्रजांच्या राजाचं तोंड असलेली मेडल्स कशाला जपायची? प्रश्न रास्त आहे. पण दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय त्या सैन्यात होते, आणि त्यांतले कितीतरी पुढे स्वतंत्र भारतासाठी लढले. कारवारचे राम राघोबा राणे आधी ब्रह्मदेशात लढले, आणि १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून परमवीर चक्राचे मानकरी झाले. माणगावचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, स्वातंत्र्य बघायला मिळालं नाही. यांपैकी कुणाचं मेडल ‘आपलं’ आणि कुणाचं ‘परकं’, हे ट्रंक उघडून ठरवता येतं का? आम्हाला तरी येत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. जमवलेली मेडल्स छातीवर लावून फौजी असल्याचा आव आणणारं रील करू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. आणि शंभर वर्षं ओलांडलेल्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. पहिल्या महायुद्धाची मेडल्स आता त्या वयाची झालीत, तेव्हा परदेशातलं गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी परस्पर पार्सल नको.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली काढा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि कड वाचा. ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव दिसलं तर रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. नंबर, हुद्दा आणि नाव लिहून तिथे एक पत्र टाका.