लाल रेघेकडे लक्ष कोण देणार?

पावसाळ्यात पेण-रोह्यात सर्दी-ताप वाढला की औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारे येतातच. सर्दी विषाणूंमुळे होते. ही गोळी मारते जिवाणूंना. विनाकारण घेतली की दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि फोफावतात.

धोका दूरचा नाही. तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांच्या नोंदींमुळे जगापुढे आले. अशा औषधांना न जुमानणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधी जिवाणूंनी २०१९ मध्ये जगभरात थेट सुमारे १२.७ लाख बळी घेतल्याचा अंदाज आहे.

कायदा आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असे बजावणारी लाल रेघही पाकिटावर आहे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ या यादीतील औषधे (त्यांत अनेक अँटिबायोटिकही आहेत) विकताना डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते.

अन्न व औषध प्रशासनाने दोन्ही तालुक्यांतल्या या नोंदवह्या अचानक तपासाव्यात. सरकारी रुग्णालयांत कोणता जिवाणू आहे हे दाखवणाऱ्या रक्त-लघवीच्या कल्चर तपासणीची सोय हवी, म्हणजे डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागणार नाही. धाटाव औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यात आणि कुंडलिका नदीच्या पाण्यात जिवाणूंना चिवट बनवणारे औषधांचे अवशेष आहेत का, हेही प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासून निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत.