गाण्याची खोती

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, महाविद्यालयीन तरुणांत 'इंडी' आणि 'ऑल्टरनेटिव्ह' रॉक संगीताचे चाहते आता भेटतात. द स्मिथ्स, आर. ई. एम., निर्वाणा ही त्यांच्या आवडीची नावे. ही यादी कानावर पडली की काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. हा परकीय भांडवलदारी संस्कृतीचा गोंगाट आहे, त्यापेक्षा घरची कोळीगीते ऐका, असा उपदेश सुरू होतो. हा उपदेश वरवर पुरोगामी, परंतु मुळात अडाणी आहे. गाणे कोणत्या देशाचे, हे विचारण्याआधी ते कोणाच्या मालकीचे, हे समाजवाद्याने विचारले पाहिजे.

'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. हे स्वातंत्र्य बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासूनचे होते. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या मंडळींनी आप्तमित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन आपली तबकडी स्वतःच काढली. लंडनच्या रफ ट्रेड या दुकानाने १९७८ पासून तबकड्या काढल्या आणि नफा कलावंतांशी निम्मेनिम वाटून घेण्याची रीत पाडली. वॉशिंग्टनच्या फुगाझीने आपल्या कार्यक्रमांचे तिकीट वर्षानुवर्षे पाच डॉलरच्या आसपास ठेवले. उत्पादनाची साधने उत्पादकाच्या हाती असावीत, ही मागणी कामगाराने केली तर ती क्रांतिकारक आणि गिटार वाजविणाऱ्याने केली तर गोंगाट, हा कोणता न्याय?

मात्र चाहत्यांनीही पुढची हकीगत विसरू नये. आर. ई. एम. १९८८ साली वॉर्नर कंपनीकडे गेले. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' १९९१ साली गेफन या बड्या कंपनीच्या छापाखाली निघाला. 'स्वतंत्र' हा मालकीचा निकष होता. बाजाराने त्याची एक चव बनविली. आपल्याकडे १९७० व १९७१ सालच्या सिमला बीट स्पर्धा सिगारेटच्या नावाने भरल्या, तर २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या एनएचसेव्हन वीकेंडर महोत्सवाने पुढे मद्याचे नाव मिरविले. सिगारेट आणि मद्य ज्याचे यजमान, त्या स्वातंत्र्याची व्याप्ती किती?

आता घरच्या कोळीगीतांकडे वळू. १९८० च्या दशकात कॅसेट आली, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि किनाऱ्यावरची गाणी घरोघर पोहोचली. परंतु प्रादेशिक कॅसेटच्या धंद्यात गायकाला एकरकमी बिदागी देऊन हक्क कायमचे घेण्याची रीत सर्रास होती. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला. पण ज्या पारंपरिक गाण्याचा कर्ता अवघा कोळीवाडा, त्याची रॉयल्टी कोणाच्या दारी जाणार?

आणि आज कोळीगीत व इंडी दोन्ही एकाच फडताळात आहेत. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला त्या रॉयल्टीतील काहीच मिळणार नाही. धनी दुसराच, पीक दुसऱ्याचे आणि वाटा ठरविणार धनी! याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप करून जमिनी पडीक ठेवल्या, ते अशाच व्यवस्थेविरुद्ध. जमिनीची खोती १९४९ च्या कायद्याने गेली. गाण्याची खोती मात्र नव्याने उभी राहत आहे.

म्हणून तरुणांच्या आवडीवर टीका करण्यात शक्ती दवडू नये. या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या आहेत; गायक-वादकांची सोसायटी का नसावी? ध्वनिमुद्रणाची सामायिक सोय, हिशेबाची उघडी वही आणि पारंपरिक गाण्यांवर गावाचा नोंदलेला हक्क, या तीन मागण्या पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीने हाती घ्याव्यात. त्या सभेला कोळीवाड्यातील ढोलकीवाला आणि गिटारवाला पोरगा, दोघांनाही बोलवावे.