कोरडी त्वचा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोह

थंडीच्या दिवसांत अंबड, भोकरदन, मंठा या भागांतून येणाऱ्या ज्येष्ठांची एक तक्रार हमखास असते. नडग्यांची कातडी पांढुरकी होऊन खपल्या सुटतात, रात्री पाठीला खाज येते, टाचांना भेगा पडतात. अशा वेळी घरातील कोणीतरी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणून देते, किंवा नातीच्या मुरुमांसाठी आणलेली ट्यूब आजींच्या पायांना लावली जाते. हेतू चांगलाच असतो, परंतु हे दोन्ही उपाय घातक ठरू शकतात.

त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत परिपक्व होते आणि साधारण महिनाभराने गळून पडते. उतारवयात हा प्रवास लांबतो. पेशींच्या या परिपक्वतेवर ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंकुश असतो, म्हणून त्याच्या अभावी त्वचा खरखरीत होते, हे खरे. कोपर, गुडघे व मांड्यांवर काटेरी पुटकुळ्या येऊन कातडी बेडकासारखी दिसू लागते. या विकाराचे वर्णन डॉ. लुशियस निकोल्स यांनी 1933 साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये केले आणि त्याचा संबंध ‘अ’ जीवनसत्त्वाशी जोडला. पुढील अभ्यासांत मात्र आवश्यक स्निग्धाम्ले आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे यांची उणीवही तितकीच महत्त्वाची असल्याचे दिसून आले. आपल्या मराठवाड्यातील करडईचे तेल अशा स्निग्धाम्लांनी समृद्ध आहे. घाण्यावरचे करडईचे तेल मागे पडले, याची मला हळहळ वाटते.

तथापि, वृद्धांची कोरडी त्वचा बहुतेक वेळा या अभावाने होतच नाही. वयानुसार तेलग्रंथींचे काम मंदावते, त्यात कोरडी हवा, कढत पाणी आणि साबण यांची भर पडते. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा अनेक महिने पुरतो. खरा अभाव आढळतो तो दीर्घकाळचे जुलाब, यकृताचा वा स्वादुपिंडाचा आजार, आतड्याची शस्त्रक्रिया किंवा मद्यपान असलेल्यांत.

“अंगणवाडीत नातवाला 2 लाख एकके पाजतात, मग मला एका कॅप्सूलने काय होणार?” असे आजोबा विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु बालकाला ती मात्रा 6 महिन्यांतून एकदाच मिळते. आपण 50,000 एककांची कॅप्सूल रोज घेतली, तर अवघ्या 4 दिवसांत तितकी मात्रा पोटात जाते. प्रौढाने औषधरूपाने नियमित घेण्याची सुरक्षित मर्यादा दिवसाला सुमारे 10,000 एकके आहे. जादा साठा लघवीवाटे निघून जात नाही, तो यकृतात साचतो. मग डोके दुखते, भूक मरते, केस गळतात, हाडे ठिसूळ होतात आणि, गंमत पाहा, त्वचा अधिकच कोरडी होते. माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूलही या हिशेबात धराव्यात.

भाजीपाल्यातून असा धोका नाही. शरीर गरजेपुरतेच रूपांतर करते. शेवग्याची पाने, तांदुळजा, मेथी, लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा हे सारे उत्तम. फक्त फोडणीला तेल हवे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाबरोबरच शोषले जाते. दात नसतील तर गाजर किसून वाफवावे. मधुमेह असल्यास आंबा-पपई बेतानेच. आपली जालन्याची मोसंबी आजाऱ्याला अवश्य द्यावी, पण ती ‘क’ जीवनसत्त्वासाठी. ‘अ’ तिच्यात नाममात्र असते.

आता ट्यूबविषयी. ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाचेच औषधी रूप, म्हणजे रेटिनॉइड आहे. मुरुमांवर ते गुणकारी आहे आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्याच्या बारीक सुरकुत्याही काही महिन्यांत थोड्या मवाळ करते. परंतु आरंभी ते त्वचा लाल करते, सोलवटते. नडगीच्या आधीच कोरड्या कातडीला हे सोसत नाही. मधुमेही व्यक्तीच्या पायावर त्यातून चीर पडून जंतुसंसर्ग झाला, तर प्रकरण पायावर बेतू शकते.

काही ज्येष्ठांना सोरायसिससाठी अॅसिट्रेटिन ही रेटिनॉइडची गोळी दिली जाते. नातवंडांना तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन. या गोळ्या गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतात. म्हणून त्या घरातील सुनेच्या, लेकीच्या हाती चुकूनही लागू नयेत. अॅसिट्रेटिन घेणाऱ्याने औषध बंद केल्यावरही 3 वर्षे रक्तदान करू नये. ते रक्त कदाचित एखाद्या गर्भवतीला दिले जाईल.

मग कोरड्या पायांना लावावे काय? स्नान कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावे, साबण काखा-जांघांपुरता. अंग हलके टिपून, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे. शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती: तळव्यांना तेल लावल्यावर मोजे घातल्याविना वृद्धांना चालू देऊ नये, आणि मोज्यांचा तळ घसरणारा नसावा. पंधरा दिवसांत खाज कमी झाली नाही, किंवा घरात आणखी कोणाला सुटली, तर दाखवावयास यावे. खरूज, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. येताना घरातल्या साऱ्या गोळ्या आणि ट्यूब एका पिशवीत घालून आणाव्यात.