तोफखान्यातून विमानाकडे

जळकोटहून एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. मजकूर थोडक्यात असा : थोरला मुलगा तोफखान्यात कॅप्टन असून त्याच्या नोकरीस पाच वर्षे झाली. रेजिमेंटमध्ये त्याचे नाव चांगले, वरिष्ठांचा विश्वासही आहे. आणि आता तो म्हणतो की, मी विमानविद्या शिकणार. 'हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे ते हेच नव्हे काय? त्याच्या वडिलांनी तर बोलणेच टाकले आहे. मी त्यास काय लिहावे?' असा बाईंचा प्रश्न आहे. सैन्यात मुलगा असलेल्या कोणत्याही घरी तो उद्या उपस्थित होण्यासारखा असल्यामुळे त्याचे उत्तर या सदरातूनच देणे आम्हांस योग्य वाटले.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मुलगा सैन्य सोडून वायुदलात चालला आहे, अशी घरच्यांची समजूत झालेली दिसते. तसे नाही, आणि तसे त्याच्या मनात असते तरी ते साधले नसते. वायुदलाच्या उड्डाणशाखेत प्रवेश चोविसाव्या वर्षापर्यंतच मिळतो, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना जवळ असल्यास सव्विसाव्यापर्यंत. हा मुलगा ज्या दाराशी उभा आहे, ते भूसेनेच्याच घरातले आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूसेनेने आपले स्वतःचे विमानदल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, स्थापन केले. इतर शाखांतील तरुण अधिकारी निवडून घेऊन त्यांस तेथे हेलिकॉप्टर चालविण्यास शिकवितात. हुद्दा तोच, सेवाज्येष्ठता तीच. बदलते ते काम.

आणि तेही वाटते तितके बदलत नाही, असे आम्ही म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. पूर्वी सैन्याचे डोळे म्हणजे घोडदळ. शत्रू कोठे आहे, किती आहे, कोणत्या वाटेने निघाला, ही बातमी स्वारांनी आणावयाची. आपल्या मराठवाड्यास हे सांगावयास नकोच. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी मोमिनाबादेस, म्हणजे आपल्या अंबाजोगाईस, होती. त्याच घोडदळाच्या परंपरेतून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट पुढे आली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर तिच्या स्वारांनी भाले सरसावून हल्ला केला खरा. परंतु खंदक, काटेरी तारा आणि यांत्रिक बंदुका यांपुढे घोड्याचे दिवस सरले होते. मग टेहळणी कोणी करावयाची? विमानाने. म्हणून त्या महायुद्धात घोडदळातील कितीतरी तरुण विमानांकडे वळले. जर्मनीचा सुप्रसिद्ध वैमानिक रिख्टहोफेन हा मूळचा भालाईत स्वार. १९१५ साली तो विमानदलात आला, तोही आरंभी चालक म्हणून नव्हे तर टेहळणीस बसणारा म्हणून. डेक्कन हॉर्सचेच उदाहरण पाहिजे असेल तर असगर खान यांचे घ्यावे. १९४० साली ते या रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले, लगेच हिंदी वायुदलात गेले, ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढले, आणि १९५७ साली पाकिस्तानच्या वायुदलाचे प्रमुख झाले. त्या काळी अशी थेट बदली होत असे.

परंतु बाईंचा मुलगा तोफखान्यातला. त्याच्या शाखेची कथा याहूनही जवळची आहे. जळकोटच्या आसपासचा डोंगराळ मुलूख डोळ्यांपुढे आणावा. तोफ टेकडीच्या अलीकडे आहे, लक्ष्य पलीकडच्या ओढ्यात दडले आहे. गोळा टेकडीवरून जातो; तो कोठे पडला हे तोफेजवळच्या माणसास दिसत नाही. कोणीतरी उंचावरून पाहून 'दोनशे यार्ड पुढे गेला, किंचित उजवीकडे घ्या' असे बिनतारी यंत्रावरून सांगितले, तरच पुढचा गोळा लागी पडावयाचा. हे सांगणारा विमानात असावा, हे सर्वांस मान्य होते. वाद होता तो निराळाच : वैमानिकास तोफविद्या शिकवावी, की तोफवाल्यास विमान? ब्रिटिश तोफखान्यातील चार्ल्स बेझली या अधिकाऱ्याने दुसरा पक्ष हट्टाने लावून धरला. लहानसे विमान चालविणे काही महिन्यांत येते. गोळ्याचा मार्ग नुसत्या नजरेने ओळखण्याची सवय तितक्या वेळात येत नाही, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या महायुद्धात ते खरे ठरले. विमान व यांत्रिक वायुदलाचे, चालक मात्र तोफखान्याचा, अशी पथके उभी राहिली. त्यांपैकी हिंदुस्थानात असलेल्या एकाची फाळणीच्या वेळी वाटणी झाली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये आपले पहिले पथक ऑस्टर जातीच्या चिमुकल्या विमानांवर सुरू झाले. १९७१ च्या युद्धात कॅप्टन प्रदीपकुमार गौर हे असेच तोफांचे मार्गदर्शन करीत असता शत्रूच्या लढाऊ विमानांनी त्यांस गाठले. त्यांच्या कृषक विमानावर एकही तोफ नव्हती. त्यांस मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

तेव्हा मुलाने हे वेड कोठून आणले, असे त्याच्या वडिलांनी विचारू नये. ते त्याच्या शाखेतच आहे.

हे शिक्षण आता आपल्या नाशकास होते. गांधीनगरच्या विमानतळावर भूसेनेचे वैमानिक घडविणारे विद्यालय २००३ पासून आहे. तोफखान्याचे माहेरघर जे देवळाली, ते तेथून हाकेच्या अंतरावर. २५ मे २०२२ रोजी याच विद्यालयातून कॅप्टन अभिलाषा बराक या भूसेनेच्या पहिल्या लढाऊ महिला वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. त्या २०१८ साली हवाई संरक्षण शाखेत अधिकारी झाल्या होत्या. शत्रूची विमाने पाडण्याची विद्या आधी शिकून मग स्वतः उडण्यास निघालेल्या या मुलीची गंमत आम्हांस मोठी वाटली. त्यांचे वडीलही सैन्यातच कर्नल होते. तेव्हा घरच्या विरोधाचा प्रश्न तेथे कितपत आला असेल कोण जाणे.

आता या पारड्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कारण मुलगा ती सांगणार नाही. तोफखान्यातील अधिकाऱ्याची खरी मिळकत म्हणजे त्याची माणसे. पाच वर्षांत त्याने त्यांची नावे, गावे, कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाचा बांधावरून भाऊबंदांशी दावा चालू आहे, हे सारे जाणून घेतले असेल. हेलिकॉप्टरात जागा दोघा चालकांची. ज्याच्या हाताखाली काल शंभर माणसे होती, तो उद्या वर्गातल्या बाकावर बसून शिक्षकाची बोलणी खाणार, आणि न जमल्यास मध्येच परत पाठविला जाणार. हा मान गिळण्याची तयारी आहे काय, हे बाईंनी त्यास अवश्य विचारावे. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. बढती आणि पगार हे नव्हेत.

आणि धोका. तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. चेतक व चीता ही हेलिकॉप्टरे एकाच इंजिनाची, मूळ फ्रेंच आराखड्याची, आणि तो आराखडा अर्धशतकाहून जुना. सियाचीनच्या हिमनदीवर १९८४ पासून औषध, पत्रे, जखमी जवान यांची ने-आण चीतानेच केली, हे त्याचे मोठे पुण्य. परंतु ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेली येथे चीता कोसळून भूसेनेचे तीन अधिकारी गेले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही जुनी यंत्रे मोडीत काढा, अशी मागणी सरकारपुढे मांडली. पतीच्या नोकरीस बाध येईल म्हणून गप्प बसणे सोपे होते. त्या बसल्या नाहीत. आज या दलात ध्रुव, रुद्र, प्रचंड ही स्वदेशी दोन इंजिनांची हेलिकॉप्टरे आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकी अपाचेही दाखल झाली. तथापि जुनी यंत्रे एका दिवसात जात नसतात.

इतके जाणूनही आमचे मत मुलाच्या बाजूचे आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा अधिकारी, ज्याने तोफेचा धुरळा खाल्ला आहे, तो विमान मागतो तेव्हा ती हौस नसते. बाईंनी त्यास आशीर्वादाचे पत्र लिहावे. वडिलांस हा लेख वाचावयास दिला तरी चालेल. निवड झाली नाही तर तो आपल्या रेजिमेंटमध्येच राहतो, तेव्हा हातचे सुटत नाही.

पत्राच्या तळटीपेत बाईंनी धाकट्याचाही उल्लेख केला आहे. तो बारावीत असून, अनुभव म्हणून वायुदलाची वैमानिक-चाचणी देऊन बघतो, असे म्हणतो. त्यास मात्र थांबवावे. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. तीत जो नापास झाला त्यास वायुदलाच्या उड्डाणशाखेचे दार तर मिटतेच, परंतु पुढे सैन्यात अधिकारी होऊन थोरल्याप्रमाणे विमान मागावयाचे म्हटले तरी तोच निकाल आड येतो. वर्षभर नीट तयारी करून, डोळे तपासून घेऊन, मगच त्याने नाव घालावे.