साक्षीदाराची पायरी

वसंत पंचमीच्या सुमारास आम्ही बासरला गेलो होतो. गोदावरीकाठचे हे सरस्वतीचे ठाणे आपल्या मंडळींना नवे नाही. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावी तेलुगू आणि मराठी घरांतील लेकरे अक्षराभ्यासासाठी आणली जातात. आम्ही उतरलो होतो एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. नात्याने ते आमच्या सौभाग्यवतींचे मामा.

घरात मात्र सणाची कळा नव्हती. मामांच्या नावे कोर्टाचे समन्स आले होते. हकीकत अशी की, काही महिन्यांपूर्वी घाटावर एका यात्रेकरू बाईंच्या गळ्यातील साखळी कोणी हिसकावली. एकच गलका झाला आणि गर्दीने एका पोराला धरले. मामा त्या वेळी घाटावर स्नान उरकून बसले होते. साखळी ओढणारा पळाला तेव्हा तो पोरगा त्यांच्यासमोर, दोन पायऱ्या खाली, कपडे पिळीत होता. हे त्यांनी तेथेच बोलून दाखविले, आणि आरोपीच्या वकिलांनी ते ध्यानात ठेवले.

"अहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," मामी म्हणाल्या, "आणि तिथला सारा कारभार तेलुगूत. वकिलापुढे तुमचा काय निभाव लागणार? सांगा हो जावईबापू, तुम्हीच सांगा यांना."

जावई मासिकात लिहितो म्हणजे त्याला कायदाही कळतो, अशी या घराची समजूत. खरे सांगायचे तर, वाचकहो, आपणा बहुतेकांची कोर्टाशी ओळख नाटकगृहात किंवा चित्रपटगृहातच झालेली असते. त्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, आणि वकिलांच्या एका गर्जनेसरशी खरा गुन्हेगार प्रेक्षकांतून उठून कबुली देतो. आपल्या न्यायालयात हातोडा नसतो. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वरास स्मरून शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. त्यासाठी ग्रंथ लागत नाही. आणि गर्जनेने कबुली देणारा गुन्हेगार तर आम्ही ऐकलेला नाही.

आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आठवा. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून सारे काही नाकारतो. एकेक साक्षीदार येतो, बोलू लागतो, आणि फिरता रंगमंच फिरून त्याने सांगितलेली हकीकत आपल्या डोळ्यांसमोर घडू लागते. प्रभाकर पणशीकरांची वेषांतरे पाहून प्रेक्षकांची खात्री पटते, कारण त्यांनी सर्व स्वतः पाहिलेले असते. पण खऱ्या न्यायाधीशांपुढे रंगमंच फिरत नाही. त्यांनी घाट पाहिलेला नसतो, साखळी पाहिलेली नसते, पळणारा इसम पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे असतात काही कागद, काही वस्तू आणि साक्षीदारांचे शब्द. ज्याने पाहिले तोच घरी बसला, तर त्यांनी काय पाहावे?

दुसरे नाटक विजय तेंडुलकरांचे, १९६७ चे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तेथील खटला लुटुपुटूचा. एका गावी प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी कोर्टाचा खेळ मांडतात आणि शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना आरोपी करतात. हळूहळू खेळाची शिकार होते. साक्षी म्हणून जे पुढे येते त्यात कुजबुज फार, ऐकीव गोष्टी फार. वस्तुतः पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यावी, हा १८७२ च्या पुरावा कायद्याचा दंडक होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. घाटावरच्या गर्दीने त्या पोराविषयी जो निवाडा क्षणार्धात केला, तो बेणारेबाईंच्या कोर्टातलाच नव्हे काय?

अलीकडचे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या २०१४ च्या मराठी चित्रपटाचे. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका लोकशाहिरावरचा खटला त्यात तारखांमागून तारखा खात पुढे सरकतो. त्यात एक साक्षीदार असा आहे की, तो यापूर्वीही पोलिसांच्या खटल्यांत साक्षीला उभा राहिलेला आहे. पाहिलेली माणसे घराबाहेर पडत नाहीत, तेथे अशा तयार साक्षीदारांचे फावते.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो आम्हां परमुलखी मराठी माणसांचा खास प्रश्न. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांची कोर्टकचेरी उर्दूत चाले. १९०८ च्या जुलैत मुंबईत लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. आणि ज्यूरीतील ९ पैकी ७ जण युरोपीय. भाषांतराच्या आधारे ते लेख तोलले गेले. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडताना भाषांतरातील चुका दाखविल्या. तरी ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. भाषेपायी न्याय कसा अडखळतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याजवळ नाही.

तथापि आजचा कायदा याबाबत पुष्कळ जागा ठेवतो. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास साक्ष त्याच भाषेत लिहून घ्यावी, नाही तर तिचा खरा अनुवाद न्यायालयाच्या भाषेत करावा. आणि आरोपीला न कळणारी साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. शिवाय समन्स हाती पडल्यावर विनाकारण न जाणे हा अपराधच.

हे सारे ऐकून मामी गप्प झाल्या. पटले म्हणून नव्हे, जावयापुढे बोलू नये म्हणून.

मामांबरोबर आम्हीही गेलो. पहिल्या तारखेस सरकारी वकील आले नाहीत. दुसऱ्या तारखेस न्यायाधीश रजेवर. दोन्ही वेळा मामींच्या मुद्रेवर "मी म्हटले नव्हते?" हे स्पष्ट वाचता येत होते. तिसऱ्या तारखेस दुपारी पुकारा झाला. मामा पिंजऱ्यात उभे राहिले, मराठीत बोलले, आणि एक कारकून ते तेलुगूत सांगत गेला.

उलटतपासणीत सरकारी वकिलांनी आवाज मुळीच चढविला नाही. अंतर किती होते? चष्मा डोळ्यांवर होता काय? चोराचा चेहरा सांगता येईल?

"चेहरा नाही सांगता येणार," मामा म्हणाले. "तो पाठमोरा होता. पण हा मुलगा त्या वेळी माझ्यापुढे कपडे पिळीत होता, एवढे सांगतो."

नाटकात हे वाक्य पडले असते. टाळी तर नाहीच, उलट नाटककाराने चेहरा आठवायला लावला असता. पण आमच्या ध्यानात राहिले ते हेच, की जे पाहिले नाही ते मामांनी पाहिले असे म्हटले नाही. मग साक्ष त्यांना वाचून दाखविण्यात आली, त्यांनी सही केली. सारे अर्ध्या तासात आटोपले.

घरी येताच मामींनी विचारले, "काय विचारलंन् हो?"

"चष्म्याचा नंबर," मामा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

खटल्याचा निकाल अद्याप लागायचा आहे. तो काय लागेल हे आम्ही सांगू शकत नाही, आणि सांगणे उचितही नाही. पायरीची ती म्हण वाडवडिलांनी बांधावरून भावाभावांत भांडणाऱ्यांसाठी केली असावी, आणि त्यांच्यापुरती ती खरीच आहे. साक्षीला बोलावलेल्या माणसाला मात्र ती लागू करू नये. उद्या गलक्यात धरलेले पोर आपल्याही घरचे असू शकेल. असो.