मुलांना संगणक बिघडवू द्या!

शिक्षक मित्रांनो, आपल्या संगणक कक्षात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? "कशालाही हात लावू नका, बिघडेल!" मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. पण हातच लावायचा नाही, तर मुलं शिकणार तरी कशी?

माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक मुलाला हार्ड डिस्क नसलेली व्हर्च्युअल मशीन द्यावी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकातला संगणक. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. नवीन मशीन तयार करताना तिला हार्ड डिस्क जोडूच नका. तिच्या आभासी सीडी ड्राइव्हमध्ये एखाद्या लिनक्सची लाइव्ह आयएसओ फाइल लावा. लॅबमधले पीसी जुने असतील तर टायनी कोअर लिनक्स चालेल. तिची साधी आवृत्ती ३० एमबीहूनही लहान आहे.

आता चालू करण्याआधी मुलांना विचारा, "डिस्कशिवाय संगणक सुरू होईल का?" बहुतेक जण "नाही" म्हणतील, कारण त्यांच्या लेखी संगणक म्हणजे सी ड्राइव्ह. प्रत्यक्षात आधी बायोस जागा होतो. तो ठरलेल्या क्रमाने डिस्क, सीडी, नेटवर्क असं शोधत जातो. सीडीवर कर्नल सापडला की तो रॅममध्ये येतो आणि काम सुरू! सीडीही नसेल तर नेटवर्कवरून बूट करता येतं. त्या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. त्यात डीएचसीपी पत्ता देतो आणि टीएफटीपी बूट फाइल आणून देतो.

मग मुलांना सांगा, "हवं ते पुसा, हवं ते बदला." मशीन बंद करून पुन्हा लावली की सगळं जसंच्या तसं! मूळ संगणकाची डिस्क तिला दिसतच नाही. फक्त शेअर्ड फोल्डर जोडू नका, म्हणजे झालं.

"पण सर, मुलांनी केलेलं कामही पुसलं जाईल ना?" हो, जाईल. माझ्या मते तोच खरा धडा आहे. 'रॅम ही तात्पुरती स्मृती आहे' हे वाक्य मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. स्वतः लिहिलेला निबंध एकदा डोळ्यांदेखत नाहीसा झाला, की रॅम आणि डिस्क यांतला फरक जन्मभर विसरणार नाहीत.

चूक करायची भीती गेली की प्रश्न विचारायची हिंमत येते. पुढच्या तासाला करून बघा!