‘त्यामुळे’ची किंमत

रोजच्या वर्तमानपत्रात एक शब्द हमखास भेटतो: ‘दरम्यान’. अपघाताची बातमी संपत आली की ‘दरम्यान, पालकमंत्र्यांनी घटनास्थळाला भेट दिली’. पाणीटंचाईची बातमी असली तर ‘दरम्यान, टँकरची मागणी वाढली आहे’. फारसीतून आलेला हा शब्द बातमीदारांचा लाडका आहे, कारण त्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. दोन वाक्यांची ओळख असो वा नसो, ‘दरम्यान’ त्यांना एका बाकावर बसवून मोकळा होतो.

हा आळस निरुपद्रवी आहे. ‘त्यामुळे’ तसा नाही.

1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटली आणि 25 प्रवासी गेले. बचावलेल्या चालकाने टायर फुटल्याचे सांगितले आणि सकाळीच ‘टायर फुटल्याने’ हे कारण सगळीकडे पोहोचले. पुढे परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा सापडला नसल्याचे समोर आले. ‘टायर फुटल्याचे चालकाने सांगितले’ हे वाक्य तेव्हाही खरे होते, आजही खरे आहे. घोटाळा ‘त्यामुळे’चेच काम करणाऱ्या ‘ल्याने’ या शेपटाने केला. मराठीत जोडशब्द, म्हणजे वाक्ये जोडणारा शब्द, असा प्रत्ययात दडून बसतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे तर बातमीदारांचे तयार वाक्य. रस्त्याचे वळण, ब्रेक, चालकाची झोप यांची चौकशी सुरू होण्याआधीच निकाल छापून येतो.

सरकारी कागदावर अशाच शेपटाला पैशाचे मोल येते. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळायची, तर प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा: मृत्यू यांच्या‘मुळे’ झाला, असे जिल्हा समितीला पटले पाहिजे. नाही पटले, तर शेरा ‘अपात्र’. कर्ज होते आणि माणूस गेला, एवढे म्हणून भागत नाही. ‘आणि’ व ‘मुळे’ यांच्यामधल्या अंतरात एका विधवेच्या तालुक्याच्या फेऱ्या असतात.

शाळेत मात्र जोडशब्द हा पाठांतराचा विषय. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार ‘सबब’ पाहताच ‘परिणामबोधक’वर खूण करतो. या शब्दाची गंमत त्याला कोणी सांगत नाही. अरबीत ‘सबब’ म्हणजे कारण. मराठी कार्यालयात त्याचा अर्थ झाला ‘म्हणून’: ‘सबब, आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ आणि घरात? ‘सबबी सांगू नकोस.’ कारण, परिणाम आणि बहाणा अशी तिन्ही कामे एकच शब्द करतो. सरकारी पत्रात यांतला नेमका कोणता अर्थ धरायचा, हे अर्जदाराला अनुभवाने कळते.

बातमीदारांनी जोडशब्द टाळावेत असे नाही. नुसती तुटक वाक्ये वाचायला कोणालाच आवडत नाहीत. पण उपसंपादकाने मजकुरातल्या प्रत्येक ‘त्यामुळे’पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावे आणि बातमीदाराला बोलावून ‘कशावरून?’ असे विचारावे. उत्तर नसेल तर ‘त्यानंतर’ छापावे. तो निदान घड्याळाशी प्रामाणिक राहतो.

खरे तर मराठीजवळ यापेक्षा शहाणा शब्द आहे: ‘म्हणून’. तो ‘म्हणणे’ या क्रियापदातून आला. कन्नड आणि तेलुगूतही ‘म्हणणे’पासून निघालेले शब्द असेच जोडणीचे काम करतात. ‘बरं नाही म्हणून आला नाही’ या वाक्यात मूळचे बोलणे अजून ऐकू येते. कारण कोणाच्या तरी तोंडचे आहे, याची खूण शब्दातच उरली आहे. मथळ्यात ‘उधारी दिली नाही म्हणून मारहाण’ असे वाचले की चाणाक्ष वाचक लगेच विचारतो: असे म्हणाले कोण? मार खाणारा, मारणारा, की ठाणे अंमलदार?